सतरा नंबर कुणाची?

सतरा नंबरची गाडी दाजींची, हे त्या गोदामात कुणाला सांगावं लागत नसे. नऊ वर्षं तेच ती चालवत होते. कागदोपत्री गाडी कंपनीची, पण कागदाला विचारतो कोण! सकाळी फळीवरून सतराची किल्ली दुसऱ्या कुणी उचललीच, तर दाजी बोलत काही नसत, नुसते बघत. तेवढ्यानं किल्ली मुकाट जागच्या जागी जायची. ‘दाजी’ हेही काही त्यांचं नाव नव्हे. बायकोचा धाकटा भाऊ तीन वर्षांपूर्वी इथं ड्रायव्हर म्हणून लागला आणि दाजी-दाजी करत त्यांच्या मागंमागं फिरू लागला. मग हमालांपासून साहेबांपर्यंत ते सगळ्यांचेच दाजी झाले.

आणि अशात साहेबांच्या जागी नव्या मॅडम आल्या. आल्या त्याच आठवड्यात भिंतीवर यादी लागली. रोज सकाळी यादीत ज्याच्या नावापुढं जो नंबर, ती गाडी त्यानं न्यायची. म्हणजे म्हणे सगळ्या गाड्या सारख्याच प्रमाणात झिजतात, आणि एक गाडी बंद पडली म्हणून तिचा ड्रायव्हर माशा मारत बसत नाही. दाजींचं डोकंच फिरलं. ते तडक मॅडमच्या टेबलापुढं जाऊन उभे राहिले.

“मॅडम, गाडीला चालवणाऱ्याचा हात ओळखीचा लागतो. रोज नवा माणूस बसवलात तर वाट लागेल तिची.”

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि सतरा नंबरची तक्रारवही काढली. खटखट, गळती, काहीही बिघाड असला की ड्रायव्हरनं त्या वहीत लिहायचं आणि ते वाचून मिस्त्रीनं गाडी बघायची, अशी तिथली पद्धत.

“दोन वर्षांत एक ओळ नाही, दाजी. एवढी गुणाची गाडी आहे, तर कुणीही चालवील की!”

दाजींची छाती फुगली. स्वतःच्या कौतुकापुढं माणूस भांडणार तरी कसा?

दुसऱ्या दिवशी यादीत दाजींना पाच नंबर आली आणि सतरा नेमकी मेहुण्याला.

“जपून हं,” दाजी सगळ्यांसमोर म्हणाले. “तुझ्या रोजच्या खटाऱ्यासारखी नाहीये ती. नाही जमलं तर सांग, बोट धरून शिकवतो.”

हमाल खो-खो हसले. मेहुणाही हसला, जरा कमीच.

पाच नंबर घेऊन दाजी निघाले. पहिल्याच चौकात त्यांनी ब्रेक दाबला, तर गाडी अशी गचकन थांबली की मागची खोकी एकमेकांवर आदळली. “काय हा ब्रेक! हिला कुणी वळण लावलंय की नाही?” पुढच्या चौकात तेच. तिसऱ्या वेळी मात्र त्यांनी खाली आपल्या पायाकडं बघितलं. पाय ब्रेक एकदा दाबत होता, सोडत होता, आणि पुन्हा दाबत होता. दुसऱ्या दाबाला गाडी गचका खात होती.

आणि दाजींना सतरा आठवली.

सतराचा ब्रेक पहिल्या दाबाला लागतच नव्हता. पाय नुसता आत जायचा. गाडी धरायची ती दुसऱ्या दाबाला. कधीपासून? वर्ष तरी झालं असेल. आधी जरासा नरम वाटला, मग अजून जरा. पायानं सवय करून घेतली आणि डोक्याला कळवलंच नाही. वहीत लिहायचं काय, दाजींच्या लेखी तक्रारच नव्हती! मिस्त्रीही भला माणूस, वही कोरी दिसली की तेल बदलून गाडी सोडून द्यायचा.

आणि आज मेहुण्याला टेकडीवरच्या वस्तीत माल पोचवून पलीकडचा उतार उतरायचा होता. उताराच्या पायथ्याशी शाळा.

दाजींनी गाडी कडेला घेतली आणि फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. गाडी चालवताना फोन घेतलास तर तंगडी तोडीन, असा दम त्याला दाजींनीच भरला होता. आता उरल्या मॅडम. पण त्यांना सांगायचं म्हणजे नऊ वर्षांच्या नावावर आपल्याच हातानं पाणी सोडायचं. खोटं कशाला बोला, क्षणभर दाजींच्या मनात आलं, पोरगा हुशार आहे, सांभाळेल. मग बायकोचा चेहरा डोळ्यांपुढं आला आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

“मॅडम, सतरा थांबवा. पहिल्या दाबाला ब्रेक लागत नाही. चूक माझी, मी लिहिलं नाही. पण तो उताराला लागायच्या आत थांबवा हो!”

मॅडमनी उलट एक प्रश्न विचारला नाही. टेकडीवरच्या औषधाच्या दुकानात माल अजून पोचायचा होता. त्यांनी दुकानदाराला फोन करून सांगितलं, गाडी आली की ड्रायव्हरला हलू देऊ नका.

दाजी पोचले तेव्हा सतरा दुकानासमोर उभी होती, चाकांपुढं दगड लावलेले. मेहुणा पायरीवर बसला होता. दाजींनी आधी त्याचे खांदे चाचपले, मग पाठ, जणू तो कुठंतरी तुटला असेल.

“ब्रेक नरम आहे, कळलं नाही तुला?”

“कळलं की. फाटकातच कळलं.”

“मग परत का नाही फिरलास, गाढवा?”

“तुमची गाडी ती, दाजी. कधी तिची कुरकुर ऐकली नाही. मला वाटलं, माझाच पाय चुकतोय.” मेहुणा खाली बघत म्हणाला. “दोनदा कशीबशी थांबवली.”

“अरे, मग मला फोन तरी करायचास!”

“काढला होता फोन. म्हटलं, तुम्ही हसाल.”

‘मी कशाला हसेन,’ असं दाजी म्हणणार होते. पण ते हसलेच असते, आणि चारचौघांना सांगून हसले असते.