आक्काचा मोठा फोटो

सरुबाईचा उजवा डोळा आधीच गेला होता आणि डावाही जाणार, हे सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं. काचबिंदू. थेंब घालत राहा म्हणाले, टिकेल तेवढा टिकेल. परतीच्या एसटीतून नळदुर्गच्या स्टँडवर उतरल्यावर ती धाकट्या भावाचा खांदा धरून म्हणाली, "शिरपा, डोळा जायच्या आत मला माझा एक मोठा फोटो बघायचाय."

"मोठा म्हंजी केवढा?" श्रीपतीनं विचारलं.

"भितीवर लावत्यात तेवढा. माझा फोटो म्हंजी आधार कार्डावरचा. तो बघून तर पोलीस धरून न्हेतील."

श्रीपती हसला. स्टँडसमोरच फोटोचं दुकान होतं. तिथं गेलं असतं तर तासाभरात फोटो हातात आला असता. पण त्याच्या घरात कॅमेरा होता. आक्काचा फोटो दुसऱ्यानं कशाला काढायचा, असं त्याला वाटलं.

कॅमेरा खरं तर त्याच्या नातीचा. श्रावस्ती नळदुर्गच्या एका बँकेत नोकरीला होती आणि आजोबांजवळच राहायची. सोलापुरातला एक जुना स्टुडिओ बंद झाला तेव्हा तिनं तिथला हा कॅमेरा घेतला. काळा डबा, पुढं वर-खाली दोन भिंगं. गळ्यात अडकवायचा, पोटाशी धरायचा आणि वरून, विहिरीत वाकून बघावं तसं बघायचं. आत काचेवर चौकोनी चित्र दिसतं, पण उलटं. माणूस डावीकडं सरकला की चित्रातला उजवीकडं जातो. श्रावस्तीला ते लवकर जमेना. श्रीपतीनं मात्र हैदराबाद रोडला ट्रक चालवण्यात उमर घातलेली. आरशात बघून गाडी मागं घ्यायची सवय होती. त्याला पहिल्याच दिवशी जमलं.

"आबा, तुम्हीच काढत जा. मी बाकीचं बघते," ती म्हणाली.

त्याची फिल्म काळी-पांढरी, नेहमीच्या डबीतल्या फिल्मपेक्षा रुंद. मागं काळा कागद, त्यावर नंबर छापलेले. एका रिळात बाराच फोटो. चाळिशीत साक्षरतेच्या वर्गाला जाऊन शिकलेले आकडे श्रीपती कॅमेऱ्याच्या मागच्या लाल खिडकीतून वाचायचा आणि बेतानं चावी फिरवायचा. पहिलं रीळ त्यानं म्हशी, शेजारी, किल्ल्याची भिंत असं काढून संपवलं आणि "फोटो आले का बघू" म्हणून अंगणात, भर उन्हात उघडून चार माणसांना दाखवलं. धुतल्यावर सगळी पट्टी कोळशासारखी निघाली. श्रावस्तीनं डोक्याला हात लावला. नंतर दोघंही हसत बसली.

आक्काचा फोटो दुसऱ्या रिळावर काढायचा ठरला.

त्या सकाळी सरुबाईनं मोरीत बसून साबणानं तोंड धुतलं, खसाखसा पुसलं आणि पांढरं लुगडं नेसून अंगणात खुर्चीवर येऊन बसली. श्रावस्ती पावडरचा डबा घेऊन आली. कारण आक्काआजी विहारात जायची असो, लग्नाला जायची असो, पावडर लावल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

"आज न्हाय लावायची," सरुबाई म्हणाली. "हाय तसं येऊ द्या."

श्रीपतीनं मान खाली घालून काचेत बघितलं. "आक्का, वर बघ."

"तूच खाली बघायलास आन मला वर बघाया सांगतोस? कुणीतरी एकानं नीट बघा."

श्रावस्ती खुदकन हसली. सरुबाईपण हसली, आणि त्याच वेळी श्रीपतीनं खटका दाबला. मग आणखी दोन-तीन काढले. दुपारच्या गाडीनं सरुबाई आपल्या घरी, ईटला गेली. जाताना म्हणाली, "लवकर आण रं."

फिल्म धुवायचं काम घरातच. काळ्या पिशवीत हात घालून, न बघता, फिल्म चक्रीवर गुंडाळायची, डब्यात बंद करायची, मग औषधं. पाणी थंड लागतं, म्हणून रांजणातलं. डबा मधेमधे ओट्यावर आपटायचा असतो, म्हणजे आतले बुडबुडे सुटतात. हे त्यांना नंतर कळलं. पट्टी मोरीत दोरीवर वाळत घातली तेव्हा बाहेर सोयाबीनच्या मळण्या चाललेल्या. मशीनचा भुस्सा आणि हायवेची धूळ फटीतून आत येत होती.

पट्टी वाळल्यावर स्कॅनरच्या काचेवर ठेवली. झाकणातून उजेड पडला आणि संगणकावर सरुबाईचं हसरं तोंड हळूहळू उतरलं. श्रीपती बघतच राहिला. कातडीची सुरकुती न् सुरकुती, पदराचा धागा न् धागा. पण सगळ्यावर ठिपके.

"पांढरे दिसतात ती धूळ आहे," श्रावस्तीनं सांगितलं. "आणि हे काळे गोल बुडबुड्यांचे. आपण डबा आपटला नाही ना. एकेक पुसावा लागेल. हे बटण, आणि मग ठिपक्यावर टिचकी."

ती बँकेत जायची. काम श्रीपतीकडं आलं. त्याला ते आवडलंही. तिनं शिकवल्याप्रमाणं चित्र इतकं मोठं करायचं की फिल्मचा दाणा दिसायला लागतो, आणि वरच्या कोपऱ्यापासून औताची पाळी घालावी तसं आडवं-आडवं खाली यायचं. एवढं मोठं केल्यावर गाल कुठला, कपाळ कुठलं, कळत नाही. राखाडी रान दिसतं, त्यात सुरकुत्यांचे ओघळ आणि ठिपके. पांढरा दिसला, टिचकी. काळा दिसला, टिचकी. ठिपका नाहीसा झाला की त्याला तांदळातला खडा निघाल्यासारखं बरं वाटायचं.

काम संपल्यावर त्यानं चित्र लहान केलं. आक्काचं तोंड लख्ख निघालं होतं, आणि जरा तरुणही. त्यानं श्रावस्तीला दाखवलं. ती क्षणभर थांबली, मग म्हणाली, "छान झालंय, आबा." सोलापुरातून मोठी प्रिंट करून, चौकट घालून आणली, आणि श्रीपती ती चादरीत गुंडाळून ईटला घेऊन गेला.

सरुबाईनं फोटो दारापाशी उजेडात नेला. डावा डोळा काचेला टेकेल इतका जवळ घेतला आणि कपाळापासून खाली डोळा फिरवत आणला. हनुवटीपाशी थांबली. पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली.

"ही कोण बाई हाय, शिरपा?"

"आक्का, तूच की."

"मग माझं गोंदण कुठाय?"

श्रीपतीनं बहिणीच्या तोंडाकडं बघितलं. हनुवटीवर तीन हिरवे ठिपके, चुलीच्या दगडांसारखे मांडलेले. डाव्या गालावर एक. त्याला कळायला लागल्यापासून ते तिथंच होते. मग त्यानं फोटोकडं बघितलं. तिथं काही नव्हतं. सगळी हनुवटी साफ होती.

त्यानं अंगणात जाऊन नातीला फोन लावला. "पोरी, आक्काचं गोंदण पुसलं गेलं की गं. तुला दिसलं न्हाय का?"

"दिसलं होतं आबा," ती म्हणाली. "मला वाटलं तुम्ही मुद्दाम काढलंत. आक्काआजी त्यावरच पावडर लावतात ना."

तो आत येऊन बसला. सरुबाईची सून, नंदा, चहा ठेवून गेली. सरुबाई रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

"आक्का, तुला ते आवडत न्हाय असं आमाला वाटायचं. जनमभर झाकीत आलीस."

"सासरला हसायची लोकं. आपण बौद्ध झालो, आता ह्या जुन्या खुणा कशाला, म्हणायची. मंग लावली पावडर. सवय पडली." तिनं फोटो मांडीवर पालथा ठेवला. "आईनं गोंदवलं व्हतं. गोंदणारीला म्हणाली, माझ्या तोंडावर हाय तसंच पोरीच्या तोंडावर काढ, जागा चुकू देऊ नको. मी रडाया लागले तर माझं डोकं तिनंच धरलं. तू पाळण्यात व्हतास."

श्रीपतीला आई आठवत नव्हती. ती गेली तेव्हा तो रांगत होता. तिचा फोटो कुणाकडंच नव्हता. आई कशी होती म्हणून लहानपणी तो आक्काला विचारायचा, आणि आक्का दरवेळी म्हणायची, माझ्यासारखीच. त्याला वाटायचं, पोराची समजूत काढायला सांगते.

"आरशात हल्ली नुसतं धुकं दिसतंय," सरुबाई म्हणाली. "म्हनलं, मोठं करून आणलं तर दिसंल. पावडर न लावता. एकदा."

"फिल्म हाय, आक्का. तिच्यात गोंदण तसंच हाय. म्या दुसरा करून आणतो. आत्ता मोबाइलवर मागवू का?"

"मोबाइलमधी मला काय दिसतंय? कागदावर आण."

तो दुसऱ्याच दिवशी स्कॅनरपुढं बसला. पट्टी पुन्हा काचेवर ठेवली. तोंड पुन्हा उतरलं, आणि गोंदण होतं. त्याचा जीव भांड्यात पडला. तेव्हाच ते जसंच्या तसं छापायला दिलं असतं तर झालं असतं.

पण आक्काच्या तोंडावरची धूळ त्याला बघवेना. एकदा तोंड बिघडवून नेलंय, आता न्यायचं तर नीट न्यायचं, असं त्यानं मनात घेतलं. पुसायला बसला तर हात उचलेना. हनुवटीवर काळे ठिपके तीनच नव्हते. बुडबुड्यांचेही होते, आणि रंग सगळ्यांचा एकच. आईचा कुठला आणि बुडबुड्याचा कुठला? त्यानं नंदाला फोन केला.

"मामा, हनुवटीवर तीन आहेत, आणि गालावर एक," ती म्हणाली.

"तीन बरुबर. पण कुठल्या जागी? व्हटाच्या किती खाली?"

"आता आत्याबाई झोपल्यात. उद्या बघून सांगते."

उद्या तिनं सांगितलं, पण तिचं बोट आणि त्याचं चित्र जुळेना. तो एक ठिपका पुसायचा, घाबरून परत आणायचा. पांढरी धूळ तेवढी पुसत राहिला, कडेकडेची, पदरावरची. श्रावस्ती म्हणाली, "आबा, राहू द्या आता, आहे तसा देऊन टाकू." तो म्हणाला, "एवढा गाल होऊ दे." मग दिवाळी आली. सोलापूरचं दुकान बंद. दुकान उघडलं तर श्रावस्तीला बँकेत सुट्टी मिळेना, आणि फाइल कशी पाठवायची ते त्याला येत नव्हतं. एवढ्यात काय डोळा जातोय, असं तो स्वतःला सांगत राहिला.

शेवटी कंटाळून त्यानं पुसणं सोडलं. हनुवटीला हात लावला नाही. मग श्रावस्तीला सुट्टी मिळाल्यावर बुडबुड्यांसकट, धुळीसकट ती जशी आली होती तशी छापून आणली.

ईटला पोचला तेव्हा नंदा दारातच भेटली. आवाज खाली घेऊन म्हणाली, "मामा, आठवड्याखाली आत्याबाईंचा डोळा गेला. मी फोन करते म्हणाले, पण त्या नको म्हणाल्या. तो घाई करील आन रस्त्यात पडंल, म्हणाल्या."

सरुबाई खाटेवर बसली होती. पावलांच्या आवाजाकडं तोंड करून म्हणाली, "आणलास?"

"आणलाय, आक्का."

तिनं हात पुढं केले. फोटो घेतला, सवयीनं दाराच्या उजेडाकडं वळली आणि डाव्या डोळ्यापाशी नेला. तसाच धरून राहिली. मग हळूच खाली घेतला.

"ठिपके आलेत?"

"आलेत."

"तिनी?"

"तिनी. आन गालावरचा."

ती काचेवरून बोट फिरवत होती. श्रीपतीनं तिचं बोट धरून हनुवटीवर नेऊन ठेवलं. काच गुळगुळीत होती. तिनं तेच बोट उचलून आपल्या हनुवटीला लावलं आणि फोटो त्याच्या हातात दिला.

"धर. तूच बघ आता. आई कशी व्हती म्हणून लई विचारायचास. हनुवटी तिचीच हाय. डोळ्याकडं बघू नगस, ते माझे हायत."

श्रीपतीनं बघितलं. नजर डोळ्यांकडं जायच्या आत उठला आणि भिंतीकडं गेला. बुद्धांच्या तसबिरीशेजारी पहिला फोटो लावलेला होता, साफ हनुवटीचा. नंदानं सांगितलं, आत्याबाईंनीच लावायला सांगितलं, एवढ्या कष्टानं आणलाय म्हणाल्या. त्यानं तो काढला, पिशवीत घातला आणि त्या खिळ्याला नवा अडकवला.

"पैला कुठं ठेवलास?" सरुबाईनं विचारलं.

"घेऊन जातो, आक्का. जाळून टाकतो त्याला."

"आण इकडं."

"तो चुकलेला हाय गं."

"असू दे. म्या बघितलाय तो तेवढाच हाय."

त्यानं पिशवीतून फोटो काढून तिच्या हातात दिला. तिनं चौकट चाचपून सरळ कुठली ते बघितलं आणि उशाशी, भिंतीला टेकवून ठेवला.

"जेवून जा," ती म्हणाली.