तुळसाबाईचा मंगळवार

या बाप्पा, असे जवळ सरका. ओट्याच्या कडेला वारं लागतं, अन् मला मोठ्यानं बोलायची सवय नाही. कीर्तनकार बुवा पूर्वरंग लांबवतात, तो मला लांबलेलाच गोड लागतो. पण आज तसं करत नाही. आमच्या शेजारच्या तुळसाबाईची गोष्ट सांगायची कबुली दिली आहे, तर सरळ तिच्यावरच येतो.

रिठदच्या अलीकडं आमचं गाव. गावातलं किराण्याचं दुकान कोण्या शेटचं नाही, सभासदांचं आहे. आधी एक दुकानदार होता. त्याच्या डाळीत खडे अन् धन्यात काड्या. बोललं की म्हणायचा, "जा मंग वाशीमले." शेवटी लोकांनी भाग घालून आपलं दुकान काढलं. नोकर ठेवायचा नाही, सभासदांनीच पाळीपाळीनं गल्ल्यावर बसायचं. तेव्हापासून माल चोख, माप भरून.

आता सारंच गोड आहे असं म्हणालो तर देव हसेल मला. कोणतं तेल आणायचं यावरून सभेत अशी जुंपते की मारुतीच्या देवळातली कबुतरं उडून जातात. अन् दुसरी खोड म्हणजे, कोणाच्या घरी काय शिजतं ते गल्ल्यावरच्या माणसाला कळतं, अन् त्याच्याकडून गावाला.

एकदा ललिताबाई अशीच तणतणत आली. "रवा काय नेला म्या, तं सारं गाव इचारून राह्यलं, पोरीले पाह्याले कोन येऊन राह्यलं म्हनून!"

गल्ल्यावर तुळसाबाई. तिनं पुडीचा दोरा दातानं तोडला. "मंग येऊन राह्यले का नाई?"

"येऊन राह्यले."

"तं मंग! रवा करपवू नको म्हंजे झालं. थांब, विलायची देतो. इसरून चालली तू."

अशी ती. मंगळवार तिच्या पाळीचा. नवरा गेला, शेत बटईनं दिलं, म्हैस विकली. पोरगा दिनेश अन् सून उज्ज्वला पुण्याला. घर गावाच्या टोकाला. मागं तूर अन् पुढं रस्ता. आमची भिंत तिच्या भिंतीला लागून, म्हणून मला ठाऊक, की त्या घरातून दिवसभरात भांड्याचाही आवाज यायचा नाही. फक्त सोमवारी संध्याकाळी लुगडं आपटल्याचा यायचा. उद्या दुकानात जायचं असे ना! मंगळवारी साबुदाणा कोणी नेला, शेवया कोणी नेल्या, कोणाच्या घरी बाळंतीण आली, एवढं ऐकून घ्यायची अन् आठवडाभर पुरवायची.

मार्गशीर्षात सभा भरली. त्या दिवशी धुवारी अशी उतरली होती की समोरचं लिंबाचं झाड दिसत नव्हतं. तुरीचा फुलोरा गळेल या काळजीनं माणसं आधीच करवादलेली. अध्यक्ष पंजाबराव उभे राहिले. माणूस देवगुणी. गोमतीबाई गुडघे धरत धरत पाळीला येते, ते त्यांना पाहवत नव्हतं.

"सत्तरीच्या वरच्या सभासदाइले पाळीतून सूट," पंजाबराव म्हणाले. "अन् त्याइचं सामान घरपोच. मदनसिंगचा टेम्पो वाशीमवरून माल आनतेच, तोच दारोदार देईन. कबूल असन तं हात वर."

सगळ्यांत आधी हात कोणाचा वर गेला असेल? तुळसाबाईचा. "हाव बापा, करा. गोमतीचे गुडघे पाह्यवत नाईत." तिच्या डोळ्यांपुढं गोमतीबाई होती. या नेमात आपणही बसतो, हे तिच्या मनालाही शिवलं नाही.

पुढच्या मंगळवारी धुतलेलं लुगडं नेसून ती दुकानात गेली, तर गल्ल्यावर ललिताबाई.

"काहून वो ललिता? आज तं मायी पाळी."

"काकू, तुमाले सूट हाय ना आता! सभेत झालं नाई का? पयला हात तं तुमचाच होता."

तुळसाबाई उंबऱ्यातच थांबली. "म्या तं गोमतीसाठी केला वो."

"नेम तं साऱ्याइलेच ना! जा, घरी आराम करा. लय केलं तुमी. सामान येते घरी."

आणि खरंच आलं. मदनसिंग टेम्पो चालूच ठेवून पिशवी ओट्यावर ठेवायचा, "काकू, सामान!" म्हणायचा. पदर सावरत ती दारात येईतो टेम्पो वळणापार. एकदा तिनं चहा आधीच मांडून ठेवला. "घोटभर घ्या," म्हणाली. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "काकू, अजून लय घरं राह्यले." तो चहा चुलीजवळ निवत राहिला. संध्याकाळी तिनंच तो गरम करून घेतला.

मी दिनेशला फोन लावून दिला. तिनं त्याला सांगायला सुरुवात केली, तर तो म्हणतो, "आई, सामान घरपोच येऊन राह्यलं, काम काई नाई, मंग आनखी काय पाह्यजे? आमाले पुन्यात नाई भेटत असं सुख." ती म्हणाली, "हाव ना बापा." फोन मला परत दिला अन् निवडलेलीच डाळ पुन्हा निवडत बसली.

कीर्तनात तुम्ही पाहिलं असेल. बुवा पुढं, टाळकरी मागं, अन् पार दाराशी बसलेल्या माणसालाही टाळी वाजवायचं काम असतं. त्याला कोणी म्हणालं, बाबा, तुझे हात दुखतील, तू नुसता ऐक, तर त्याचं कीर्तन तिथंच संपतं. तुळसाबाईचं तसं झालं. अन् रागवायचं तरी कोणावर? वाईट कोणीच केलं नव्हतं.

पुढच्या सभेत तेलाचा वाद मिटला अन् ती उठली. "पंजाबराव भाऊ, मायं नाव कमी करा."

पंजाबरावांनी वहीतून मान वर केली.

"काहून काकू? मापात खोट निंगाली का?"

"नाई. माप तं देवाघरचं हाय."

"माल खराब आला?"

"डाय तं अशी शिजते का नुस्ता वास घेऊन पोट भराव."

"मंग कोनी बोललं तुमाले?"

"कोनी बोलतच नाई ना, भाऊ," तुळसाबाई म्हणाली.

पंजाबरावांना उमगेना. "तुमाले पुन्हा पाळी पाह्यजे का? तसं सांगा. पन तुमाले बसोलं तं गोमतीबाईनं काय कराव? बुढ्या रामभाऊनं काय कराव? थे बी लाजेखातर येऊन बसतीन, काठ्या टेकत."

"म्हनूनच तं. नेम मोडू नोका. मलेच कमी करा."

"काकू, समजून घ्या," पंजाबराव समजावू लागले. "वरसाखेरीचा वाटा जाईन. घरपोच बंद होईन, सोता याव लागन. अन् आपल्या इथं सभासदाचं आधी होते. बिगरसभासदाले बाकावर थांबाव लागते, सारे निपटेपर्यंत."

"किती येळ?"

"सारी सकाय जाते कधी कधी."

"थांबीन ना," ती म्हणाली. तिचा चेहरा असा उजळला, जशी कोणी मोठी सवलतच दिली. मागून कोणीतरी हसलं, "बुढीचं डोस्कं फिरलं." पंजाबराव मात्र हसले नाहीत. त्यांनी मान खाली घातली अन् नाव कमी केलं.

आता ती रोज सकाळी जाते. आज जिरं, उद्या मोहरी, परवा चहापत्ती. एकदम काहीच घेत नाही. बाकावर बसते, पाय हलवते, आल्यागेल्याला विचारते. कोणी रवा नेला की तिचे डोळे चमकतात. पण आमची माणसं किती भली, सांगू? बाकावर म्हातारी दिसली की ज्याला त्याला दया येते.

"काकू, तुमी घ्या आधी. आमी थांबतो."

"नाई बाई. नेम म्हंजे नेम. मी बिगरसभासद."

"घ्या वो, उन्ह होईन. ललिता, काकूले दे आधी!"

अन् ललिताबाई असो का दुसरं कोणी, पाळीवरचं माणूस मायेनं पुडी बांधतं, हातात देतं, उंबऱ्यापर्यंत धरून आणतं. तुळसाबाई घरी. दुपार सारी पडलेली. भिंतीपलीकडून भांड्याचाही आवाज नाही. पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा निघते, जरा उशिरा, गर्दी पाहून.

बाप्पा, तुम्ही उद्या आपापल्या गावी जाल. तिथं दुकानात, दवाखान्यात, एसटीच्या थांब्यावर एखादं म्हातारं माणूस बाकावर बसलेलं दिसेल. त्याला आधी पुढं धाडायची घाई करू नका. "सरकता का थोडं?" म्हणा अन् बाजूला बसा. तेवढ्यापुरती आमच्या तुळसाबाईची आठवण काढा.