गुहेतली छुपी कारंजी

नेरिनाचं चित्र बाद झालं, की व्हिलाच्या दिवाणखान्यात आपलंच लागणार आणि खाली नावही आपलंच, असा सिल्वेरिओचा सरळ हिशोब होता. इटलीत लुक्का शहराजवळच्या त्या जुन्या व्हिलाची आणि तिच्या बागेतल्या, शिंपल्यांनी मढवलेल्या गुहेची रेखाचित्रं दोघांही आर्किटेक्टनी केली होती. पण नेरिनाच्या चित्रातल्या गुहेत खरीखुरी ओल जाणवायची, आणि तेच त्याला खुपत होतं.

मोजमापं घेताना गुहेतल्या छुप्या कारंज्यांची चावी त्याला सापडली होती. नेरिनाने गुहेच्या तोंडाशी उभ्या मालकीणबाईंसमोर आत गुहेतच कागद उलगडला, तशी त्याने ती हळूच फिरवली. भिंतींतून चिळकांड्या उडाल्या आणि नेरिना नखशिखांत भिजली.

"अगंबाई!" मालकीणबाई टाळ्या पिटत हसल्या. "सासूबाई गेल्यापासून इथे कुणी भिजलंच नव्हतं. आमच्याकडे गुहेत भिजेल तो घरचा माणूस, पोरी! आज माझ्या शेजारी जेवायचं. आणि हे चित्र सुरकुत्यांसकट दिवाणखान्यात लागणार."

शाई पक्की होती. एकही रेघ फुटली नव्हती.

"आणि तुम्ही कसे हो कोरडे ठणठणीत?" त्यांनी सिल्वेरिओला विचारलं.

"नशीब, बाईसाहेब," तो पुटपुटला.

जेवायला त्याला टेबलाचं पार दुसरं टोक मिळालं. भिजली नेरिना, भुर्दंड पडला तो कोरड्या सिल्वेरिओला.