वाऱ्याचं पायपुसणं

पुठ्ठे कोरे होते. बालवाडीच्या ताईनं चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. खिडकीतला कोरा, घसरगुंडीवरचा कोरा, आणि फाटकावरचा तर जरा जास्तच कोरा. मधोमध पुसल्याचे फराटे.

बालवर्गाला हवा शिकवायची म्हणजे कधी न दिसणाऱ्या पाहुण्याची ओळख करून द्यायची. धुरानं हवा मळते म्हटलं, की पोरं विचारत, कुठेय? दाखव. म्हणून ताईनं पुठ्ठ्यांना व्हॅसलीन चोपडून ते जागोजागी टांगले आणि वर एक गाणं रचलं:

वाऱ्या रे वाऱ्या, ये माझ्या घरी,
पाय पुसून ये, मग मार भरारी.

पुठ्ठे म्हणजे वाऱ्याची पायपुसणी. आठवडाभर टांगायची, मग उतरवून बघायचं, वारा कुठून काय तुडवत आला.

पोरांपेक्षा पुठ्ठ्यांवरची ती काजळी ताईलाच जास्त हवी होती. शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी गाड्यांची रांग लागे, आणि पोर गाडीत बसेपर्यंत एकही इंजिन बंद होत नसे. सगळा धूर बालवर्गात. खिडकीशी बसणारी चिमणी नावाची पोर दोन शब्द बोलली की धापा टाकी. तिच्या दप्तरात डब्याशेजारी दम्याचा पंप असे. तिची आई शिवणकाम करायची. काल ती हळूच सांगून गेली होती, की सोमवारपासून चिमणीला पाठवणार नाही. तक्रार कुणाबद्दलच नाही, पण घरी लेकरू नीट श्वास तरी घेतं.

गाड्या कोपऱ्यावरच थांबवा, म्हणून ताईनं मुख्याध्यापिकांकडे, म्हणजे मोठ्या बाईंकडे, खेटे घातले होते. पालक दुखावतील, म्हणायच्या त्या. पुरावा आण, मग बघू.

तो पुरावा आज उतरवायचा होता. आणि तो असा लख्ख.

आधी सफाईच्या मावशींवर संशय गेला. मावशी फणकारल्या, की सांगितलेलं पुसायला वेळ पुरत नाही, न सांगितलेलं कोण पुसतंय. मग ताई वर्गात आली. कुणी पुसलं, विचारताच सगळे हात आनंदानं वर गेले.

"ताई, पायपुसणं घाण झालं होतं," सगळ्यांचा वकील उभा राहिला. पाच वर्षांचा, पण बोलायला कुणाला ऐकायचा नाही. "त्याच्यावर पाय पुसले तर वारा आणखी घाण होईल ना?"

ताई बुटक्या खुर्चीत गुडघे हनुवटीला टेकवून बसली. घाण दिसली की पुसावी, हे गेले सहा महिने तिनंच घोकून घेतलं होतं. एवढ्या दिवसांत एकदा पोरांनी ऐकलं, तेही आजच.

"कशानं पुसलं रे?"

पोरांनी छात्या पुढे काढल्या. गणवेशावर पिनेनं लावलेले पांढरेशुभ्र रुमाल तव्याच्या बुडासारखे झाले होते. ताईनं कपाळाला हात लावला. आता आयांशी भांडण, तेही व्हॅसलीनच्या डागांवरून.

तरी ती पुठ्ठे घेऊन मोठ्या बाईंकडे गेली. त्यांनी ते उजेडात धरले आणि समाधानानं म्हणाल्या, हवा तर छानच आहे की आपली. ताई दात आवळून बाहेर पडली.

शाळा सुटली. रांग घुरघुरत होतीच. वकिलाच्या बाबांनी काच खाली करून लेकाकडे पाहिलं, आणि ते इंजिन बंद करून तरातरा फाटकाशी आले. पाठोपाठ दुसरी गाडी बंद झाली, मग तिसरी. काय फासलंत मुलांना, डाग निघायचे कसे, शाळा आहे की गॅरेज? ताईभोवती कोंडाळं झालं. दिवसभराचं साठलेलं तिच्या ओठांवर आलं.

"व्हॅसलीन माझं आहे," ती म्हणाली. "काळं तुमचं आहे. याच खिडकीतलं, याच फाटकावरचं. मुलांनी फक्त पुसलं."

भांडायला म्हणून सगळ्या गाड्या बंद झाल्या होत्या, आणि त्या शांततेत चिमणीच्या छातीची शीळ सगळ्यांना ऐकू आली. वकिलाच्या बाबांनी लेकाचा रुमाल बोटानं घासला, बोटाकडे पाहिलं, मग ते दारात आलेल्या मोठ्या बाईंकडे वळले. "बाई, हे तुम्हाला माहीत होतं?"

मोठ्या बाई गडबडल्या. म्हणाल्या, हो, म्हणजे, सोमवारपासून गाड्या कोपऱ्यावरच थांबवायचं आमचं ठरतच होतं. ताईनं आभाळाकडे पाहिलं. ठरतच होतं म्हणे.

चिमणीची आई चालत आली, तेव्हा गर्दी पांगत होती. लेकीचा रुमाल सगळ्यात काळा. फाटकावरचा पुठ्ठा तिनं पुसला होता. आईनं सगळं ऐकून घेतलं. पिन काढून रुमालाची घडी केली, काळी बाजू आत.

"सोमवारी दुसरा लावून पाठवते," ती म्हणाली.

"रंगीत लावा हो," ताई वैतागून म्हणाली, आणि पंप आहे ना, म्हणून दप्तर चाचपायला खाली वाकली.