खोतांच्या शजऱ्यातली तुटक रेघ

माझे सासरे मुश्ताक खोत शारजाला आमच्याकडे कायमचे राहायला आले, तेव्हा मोईनला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, एकच काळजी होती. अल नहदातल्या चौदाव्या मजल्यावर अब्बांचा वेळ कसा जाणार? ती काळजी आठवडाभरात मिटली आणि माझी सुरू झाली. अब्बांनी शजरा काढायला घेतला. शजरा म्हणजे वंशावळ, आणि वंशावळ म्हणजे आमचं जेवणाचं टेबल. त्यावर चिकटवलेले चार्टपेपर पसरले आणि आम्ही जिवंत माणसं सोफ्यावर बसून, मांडीवर ताटं घेऊन जेवायला लागलो.

खोत हे आमचं आडनावही आणि जुना हुद्दाही. रायगडात खाडीकाठी आमचं गाव. तिथली जमीन, माडाच्या वाड्या, साऱ्याची वसुली, सगळं एके काळी ह्यांच्या घराकडे होतं. आता आंब्याची चार कलमं आणि कोर्टातला एक दावा एवढंच उरलंय, पण अब्बांची खोती काही गेलेली नाही. लिफ्ट थांबवायची असली तरी ते बटण दाबत नाहीत, नुसतं बघतात.

शजऱ्यात सगळ्यात वर होते बसऱ्याहून गलबतातून आलेले मूळपुरुष. आता आम्हा कोकणी मुसलमानांत ज्याला विचारावं त्याचा मूळपुरुष बसऱ्याहूनच आलेला असतो. एवढी माणसं इकडे आल्यावर बसऱ्यात मागे कोण राहिलं, असं मी एकदा विचारलं, तर अब्बा दोन दिवस माझ्याशी 'मीठ कमी आहे' याखेरीज काही बोलले नाहीत. माझं माहेर मासेवाल्यांचं. आमचे मूळपुरुषही होडीतूनच आले, फक्त ते रोज संध्याकाळी यायचे आणि येताना पापलेटं आणायचे.

बेत मोठा होता. कुवेत, मस्कत, दोहा, जिथे म्हणून खोत असतील तिथे फोन गेले. हिवाळ्यात शारजात हॉल घेऊन सगळ्या खोतांचा मेळावा भरवायचा आणि स्टेजमागे शजऱ्याचा भलामोठा फ्लेक्स लावायचा. फ्लेक्सवाला मलबारी रोज विचारायचा, अंकल, फायनल? अब्बा रोज सांगायचे, इन्शाल्ला.

अशात झाराने माझ्यापाशी राहिलचं नाव काढलं. झारा माझी एकुलती एक मुलगी, वय सव्वीस, दुबईत आर्किटेक्ट. तिच्यासाठी आलेली दोन स्थळं अब्बांनी परतवली होती. एका मुलाला आपल्या पणजोबांचं नाव सांगता आलं नाही म्हणून, आणि दुसऱ्याला सांगता आलं म्हणून. बापाचा शब्द मोडणं मोईनला जमत नाही, आणि दादांच्या, म्हणजे अब्बांच्या, दुव्याशिवाय लग्न करायचं नाही हे झाराने स्वतःच ठरवलेलं. राहिलशिवायही करायचं नाही, हेही तिनेच ठरवलेलं. त्यामुळे सगळं अडलं होतं ते अब्बांपाशी. मला तर आठवडाभर झोप नव्हती.

तिने भीतभीत अब्बांना सांगितलं, मुलगा जबल अलीत एका लॉजिस्टिक्स कंपनीत आहे, नाव राहिल खोत, गाव आपलंच. अब्बांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि तिला जवळ घेतलं. घरातलाच मुलगा निघाला, आणखी काय पाहिजे? आमच्यात नात्यात लग्न होणं म्हणजे दुधात साखर. मी सुटकेचा श्वास सोडला आणि त्याच रात्री शिरा केला.

अडचण एवढीच होती की राहिल शजऱ्यात कुठे बसेना. कुठल्याच फांदीवर त्याचे आजोबा सापडेनात. मग अब्बांना आठवलं. गावात मागच्या वाडीत, विहिरीपलीकडे खोतांचं एक घर होतं. आमच्या घरातली मुलगी सासरी निघाली की पाठराखीण म्हणून तिच्याबरोबर कायम त्याच घरची बाई जायची. नव्या नवरीला धीर द्यायला जाणारी बाई म्हणजे सहसा मावशी किंवा चुलती, घरचंच माणूस. एवढा मान परक्याला कोण देतं, असं म्हणून अब्बांनी मामला निकालात काढला. चार पिढ्या मागच्या धाकट्या भावाच्या नावाखालून त्यांनी एक तुटक रेघ काढली आणि तिच्या टोकाला राहिलच्या आजोबांचं नाव लिहिलं, जहूर. जहूर त्यांच्या बरोबरीचा, लहानपणी एकत्र खेळलेला. भावकीतला आहे हे आपल्याला इतकी वर्षं कळलंच नाही, म्हणून ते हळहळलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी झारा ऑफिसला गेलीच नाही. मी कांदा चिरत होते, ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली की ती रेघ खोटी आहे. राहिलने तिला केव्हाच सांगितलं होतं. त्याच्या कंपनीत बोनारे नावाचा मॅनेजर आहे, अमेरिकेतल्या लुइझियानाचा. आडनाव फ्रेंच, माणूस काळा. बोनारे हे तिकडचं जुनं जमीनदार घराणं. फ्रेंच गव्हर्नरने त्यांना नदीकाठी जमीन दिली इथपासून त्यांच्या वंशावळीची जाडजूड पुस्तकं छापलेली आहेत. ह्या बोनारेच्या पूर्वजांची नावंही त्यांत आहेत, बैल आणि नांगर यांच्या मागोमाग. लोक त्याला विचारतात, तू त्या बोनारेंचा नातेवाईक का?

"तो म्हणतो, नॉट रिलेटिव्ह्ज. प्रॉपर्टी," झारा म्हणाली. "अँड राहिल सेड, सेम हिअर, मम्मा."

मी सुरी खाली ठेवली. मग मी माझ्या स्वभावाला न शोभणारं काम केलं, गप्प बसायचं ठरवलं. झारालाही दटावलं. म्हाताऱ्याने आनंदाने एक रेघ मारली आहे, तिने कुणाचं काय बिघडतंय? लग्न लागू दे, खलास.

शुक्रवारी शारजाला पूर्ण सुट्टी आणि दुबईला अर्धी, म्हणून जेवण शनिवारी ठरलं. राहिलची आई जुलेखाआपा आली. नवरा गेल्यावर दुबईच्या करामा भागात स्वतःचं टायपिंग सेंटर चालवून, लोकांचे व्हिसाचे अर्ज भरत तिने मुलाला वाढवलेलं. बोलणं मोजकं, हसणं मोकळं. मला बघताक्षणी आवडली. मटणाबरोबर सांदणं केली होती, ती तिने मागून घेतली. तेवढ्यात अब्बांना राहवलं नाही. ते तिला टेबलाकडे घेऊन गेले आणि रेघ दाखवली. हे बघा, इथे तुम्ही.

तिने बराच वेळ बघितलं.

"चाचा, ही रेघ पुसा," ती म्हणाली. "आम्ही तुमच्या रक्ताचे नाही. आमच्या घरातली पहिली बाई तुमच्या घरात विकत आणलेली. कुठल्या बंदरावरून, ते आम्हाला माहीत नाही. तुमची गुरं खोतांची म्हणून ओळखली जायची, तशी तिची मुलंही."

अब्बा हसले, कोणी थट्टा करावी तसे. पाठराखिणीचा मान तरी खरा ना, असं म्हणाले.

"पाठराखीण चार दिवसांनी परत येते, चाचा. आमच्या घरची कधी आली?"

जुलेखाआपाने आवाज न चढवता पुढचं सांगितलं. खोतांच्या मुलीबरोबर सासरी भांडी जायची, गादी जायची, तशी एक बाई जायची आणि तिकडेच राबायची. गुलामगिरीबंदीचा कायदा होऊन शंभर वर्षं झाली तरी रीत चालूच होती. शेवटची गेली ती मरियम, जहूरची आई, अब्बांच्या मोठ्या बहिणीच्या लग्नात. जहूर तेव्हा सहा वर्षांचा. ती तिकडेच वारली, आणि दफन झाल्यावर निरोप आला.

अब्बांचा चेहरा उतरला, पण खोती एवढ्यात हार मानत नाही. झालं ते झालं, म्हणाले, रेघ राहू दे, कोण विचारतंय? मेळाव्यात तुम्हीही मानाने बसाल, पोरांचं लग्नही धूमधडाक्यात होईल.

"खोट्या रेघेवर मला सून न्यायची नाही," जुलेखाआपा म्हणाली. "खरं लिहा. तुमच्या माणसांसमोर ते लाजिरवाणं वाटत असेल, तर मग उद्या माझा मुलगा तिथे बसलेलाही लाजिरवाणाच वाटेल."

एवढं बोलून तिने हात धुतले, झाराच्या कपाळावर ओठ टेकवले आणि राहिलला म्हणाली, यल्ला, चल. दार लागलं. अब्बा खोलीत गेले आणि त्यांनीही दार लावून घेतलं.

पुढचे काही दिवस आमच्या घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. झारा डोळे सुजवून ऑफिसला जायची. मोईन जबल अलीच्या ट्रॅफिकला शिव्या द्यायचा, ज्याची त्याला वीस वर्षांची सवय आहे. मला राग आला होता. आधी जुलेखाआपाचा आला, एवढं सरळ चाललेलं तिने मोडलं म्हणून. मग स्वतःचा आला, कारण ती बोलली ते मला आधीच माहीत होतं आणि मला फक्त लग्नाच्या हॉलची चिंता होती. शेवटी तो राग जिथे जायचा तिथे, सासऱ्यांवर गेला. मी चहा घेऊन खोलीत शिरले आणि सांगून टाकलं: कागदावरच्या मेलेल्या माणसांसाठी तुम्ही घरातली जिवंत पोर रडवताय. मला वाटलं, आता पुन्हा मिठावर येणार.

ते खिडकीशी बसले होते. म्हणाले, लोकांची लाज वाटते हे खरंच आहे, पण झोप उडाली ती त्याने नाही.

"जहूर रोज संध्याकाळी धक्क्यावर जाऊन बसायचा, तहसीन. आई येईल म्हणून. आम्ही पोरं चिडवायचो त्याला. मी म्हणायचो, रडतोस काय, तुझ्या आईला केवढा मान मिळालाय."

सासऱ्यांच्या डोळ्यांत मी त्या दिवशी पहिल्यांदा पाणी पाहिलं. मी त्यांच्या बशीत चहा ओतून दिला आणि शेजारी बसले.

दुसऱ्या दिवशी चार्टपेपरवर खाडाखोड दिसली. तुटक रेघ गेली होती. तिच्या जागी, खोतांच्या एका सुनेच्या नावाशेजारी लिहिलं होतं: 'हिच्यासाठी आणलेली बाई. विकत घेतलेली. नाव आम्ही नोंदवलं नाही.' तिथून खाली मरियम, जहूर आणि राहिलपर्यंत सरळ, जाड रेघ. अब्बांनी त्याचा फोटो काढून सगळ्या खोतांच्या ग्रुपवर टाकला. दोहावाल्याने अंगठ्याची खूण पाठवली, बहुतेक न वाचता. कुवेतच्या चुलतभावाचा फोन आला, घरातलं घरात ठेवा म्हणून. अब्बा त्याला म्हणाले, तेच करतोय, ते घरातच होते. कुवेतवाला मेळाव्याला येणार नाही. जेवणाची दहा ताटं वाचली.

मग अब्बांनी मला गाडी काढायला सांगितली. करामाला जायचं, आणि झारालाही घ्यायचं. मला वाटलं माफी मागायला निघालेत, पण वाटेत त्यांनी मिठाई घ्यायला लावली. आमच्यात मागणी घालायला मुलाकडचे येतात. मुलीकडच्याने मिठाई घेऊन मुलाच्या दारात जाणं म्हणजे गावात नाक कापून घेणं. मी आरशातून झाराकडे बघितलं, ती माझ्याकडे बघत होती. करामात पार्किंग मिळवण्यात अर्धा तास गेला. तेवढ्या वेळात अब्बांनी दोनदा टोपी काढून परत घातली.

जुलेखाआपाने दार उघडलं. अब्बांनी सलाम केला.

"मागणी घालायला आलोय. नातीसाठी," ते म्हणाले. "रीत नाही, ठाऊक आहे मला."

तिने मिठाईकडे बघितलंही नाही.

"माझे सासरे सांगायचे, मुश्ताक रोज खेळायला हाक मारायचा," ती म्हणाली. "अंगणात उभा राहून. घरात कधी आला नाही."

झाराने माझा हात घट्ट धरला. अब्बा काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेतील, असं मला वाटलं; तसं बोलण्यात ते वस्ताद आहेत.

"मनाई होती," ते म्हणाले. "त्यांच्या घरात जायचं नाही, तिथलं पाणीसुद्धा प्यायचं नाही. मीही कधी का म्हणून विचारलं नाही."

जुलेखाआपा दारातून बाजूला झाली. अब्बांनी वाकून चपला काढल्या. गुडघे दुखतात म्हणून त्यांना वेळ लागतो. राहिल आतून धरायला आला, तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून ते आत गेले आणि सोफ्याच्या टोकाला अंग चोरून बसले. मी आणि झारा त्यांच्या मागोमाग आत आलो. झाराला आणखी धीर धरवेना. तिने विचारलं, आंटी, यस की नो?

जुलेखाआपा स्वयंपाकघरात गेली आणि पाण्याचा ग्लास घेऊन आली. तो तिने अब्बांच्या हातात दिला.

"आधी हे संपवा, चाचा," ती म्हणाली. "मग तारखेचं बघू."