सवतीचा नंबर

खुशालभाऊंना नऊ हा आकडा लाभतो, हे मोहाडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यांच्या जीपवर शून्य शून्य शून्य नऊ, फटफटीवर तेच, ट्रॅक्टरवरही तेच. पण हवाई दलातून निवृत्त झालेल्या लढाऊ विमानावरही तेच लिहिलेलं असेल, असं विमलाबाईंना स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं. सून भावनाच्या स्कूटीवरून त्या चौकात उतरल्या, ताडताड चालत विमानाच्या शेपटीपाशी गेल्या, आणि तळपायाची आग मस्तकाला गेली. ताज्या हिरव्या रंगावर पिवळ्या अक्षरांत ‘एमएच ३६’, त्याखाली ‘०००९’, आणि त्याच्याही खाली ‘आईचा आशीर्वाद’. डोमा पेंटरने जन्मभर ट्रक रंगवले होते. इथेही त्याने हात आखडता घेतला नव्हता.

“अन् जुना नंबर?” त्यांनी विचारलं.

“तो दाबला जी,” डोमा म्हणाला. “भाऊनं सांगतलं तसं केलं. खाली असंन तो.”

उद्या सकाळी क्रेन येणार होती. विमान एकदा चौकातल्या उंच खांबावर शोभेला चढलं की शेपटीला हात लावणं कावळ्यालाच जमणार. म्हणजे जे काय पाहायचं ते आजच.

विमलाबाईंचे यजमान परसराम हवाई दलात मेकॅनिक होते. रजेवर घरी आले की जेवायला बसल्यावर निम्म्या गोष्टी त्यांच्या विमानाच्या. आमची चारशे सत्तेचाळीस अशी रुसते, चारशे सत्तेचाळीसला थंडी सोसत नाही, चारशे सत्तेचाळीसला माझ्याशिवाय कोणाचा हात चालत नाही! भात वाढता वाढता नवी नवरी विमलाबाई म्हणायच्या, “तिलेच करून आणाची होती मंग, मले कायले आणलं?” परसराम हसायचे. विमलाबाईही हसायच्या, पण ती सवत मनात बसली ती बसलीच.

मग एका सकाळी त्याच विमानाच्या चाकात हवा भरताना टायर फुटलं आणि परसराम गेले. साहेबलोक आले, हळहळले, परत गेले. कडेवर पोरगं आणि समोर सगळं आयुष्य. आता राग करायचा तर कोणावर? घर बुद्धाचं, देवाला शिव्या द्यायची किंवा नशिबाला बोल लावायची सोय नव्हती. तो सगळा राग त्यांनी सवतीच्या नावावर ठेवला. कधीतरी तिच्या पुढ्यात उभं राहायचं आणि तिला विचारायचं, की बाई, एवढा जीव लावला तुला माझ्या माणसानं, आणि तू त्याला खाल्लंस? चाळीसेक वर्षं हा एक प्रश्न त्यांनी जपला होता.

मोहाडीला विमान येणार हे कळल्यावर त्यांनी सानगडीला फोन लावला होता. तिथले जीवनराव हवाई दलात परसरामांच्या बरोबरचे.

“वयनी, मॉडेल त तेच आहे,” ते म्हणाले. “पण चेहऱ्यावर जाऊ नका. एका जातीची सारी विमानं जुळ्या बहिणीसारखी दिसतेत. शेपटीवरचा नंबर पाहा. शेवटचे तीन आकडे. तेवढंच खरं.”

आणि तेवढंच यांनी पुसलं होतं! विमान नाकीडोळी तसंच ठेवलं, पंख ठेवले, फक्त नाव तेवढं खरवडून स्वतःचं लावलं. याला म्हणतात आयत्या बिळावर नागोबा.

खुशालभाऊ खांबापाशी चौक समितीच्या माणसांशी बोलत उभे होते. विमलाबाई सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

“हा नंबर कोणाचा?”

“आपलाच, काकू.” भाऊ गोड हसले. “देशाचं विमान आहे. नंबरानं का फरक पडते?”

“फरक नाही पडत, त तुहाच काहून लिवला?”

समितीतला एकजण फिसकन हसला. भाऊंचं हसू मात्र गेलं. “समितीनं मेहनत करून आणलं आहे. दिल्लीपर्यंत अर्ज केले. एवढा मान त भेटलाच पाहिजे.”

“मान पाहिजे त पाटी लाव आपली. मेलेल्या माणसाईचे हात लागले आहेत त्याच्यावर. त्याच्यावर जीपचा नंबर टाकते? लाज नाही वाटत?”

आणि विमलाबाई तडक परत शेपटीपाशी गेल्या. डोमाची लाकडी घोडी तिथेच होती. चिखलात भाताच्या रोवण्या करून काटक झालेले पाय. त्या दोन पायऱ्या चढल्यासुद्धा. भावनाने घाबरून घोडी धरली.

“पत्ती दे,” त्या डोमाला म्हणाल्या.

डोमाने भाऊंकडे पाहिलं, मग विमलाबाईंकडे, आणि रंग खरवडायची पत्ती त्यांच्या हातात दिली. वर थिनरमध्ये बुडवलेलं फडकंही दिलं. नवा रंग अजून कच्चा होता, जुना पक्का. उजव्या टोकाचे तीन आकडे त्यांनी आधी घेतले. हिरवा चिकट लगदा बोटांवर उतरू लागला आणि त्यातून पांढरा इंग्रजी चार निघाला. मग आणखी एक चार. चौकातली माणसं जवळ सरकली.

तिसरा आकडा खालून वर निघत होता. एक उभी रेघ आली. विमलाबाई वर वर खरवडत गेल्या. रेघ संपली, पण सातची वरची आडवी रेघ काही आली नाही. त्यांनी फडक्याने पुसलं, पुन्हा पुसलं. एक. चारशे एक्केचाळीस.

त्यांचा हात खाली आला. हिची काही चूक नव्हती. हिला परसराम माहीतसुद्धा नसतील. ओठांवर आलेला तो प्रश्न गिळताना त्यांना रडू फुटलं, आणि चारचौघांत फुटलं याचाही त्यांना राग आला.

“नाही जी आई?” भावनाने हळूच विचारलं.

त्यांनी मान हलवली.

भाऊंच्या जिवात जीव आला. “पाहा काकू, तुमचं विमान नोहेच. उगाच तमाशा केला. उतरा आता. डोमा, परत मार रंग.”

विमलाबाईंनी पदराने डोळे पुसले. गालावर हिरवा पट्टा उमटला. त्या उतरल्या नाहीत. डोमाने नवा रंग कालवायला घेतला नाही, तोही तिथेच उभा राहिला.

“इचाबी नंबर कोणीतरी धुंडत असंन,” त्या म्हणाल्या. “माही नाही, म्हणून का तुही झाली?”

आणि त्यांनी डावीकडच्या उरलेल्या आकड्यांना पत्ती लावली.