हरणीच्या अंगाचा वास

शालनबाईनं हरणीच्या कानामागची टपोरी गोचीड चिमटीत धरून उपटली आणि नवऱ्याच्या पायांपुढे फेकली.

"बघा! रक्त पिऊन कशी फुगलीय."

भिमाजीनं हरणीच्या पायांवरून हात फिरवला. तापानं घोडीचे पाय सुजले होते, डोळे पिवळे पडले होते. सकाळीच डॉक्टर प्राजक्ता इंजेक्शन देऊन गेल्या होत्या. गोचिडांमुळे रक्तात जंतू गेलेत, म्हणाल्या. पळवाल तर घोडी हातची जाईल. गोचिडांचं औषध आजच लावा.

पण आज गावची यात्रा. शर्यतीच्या घाटात बैलगाडा पळवायचा तर पुढे घोडी हवीच, तिच्यामागे तर बैल धावतात. फ्लेक्सवर फोटो बैलांचे, गुलाल बैलांना, आणि जीव काढायचा हिनं! बैलांना परवाच औषध चोपडलं होतं. हिला नाही. का, तर घोडीच्या अंगाला औषधाचा वास आला की बैल मागे येत नाहीत म्हणे. कुठल्या शहाण्यानं हे काढलं कोण जाणे, पण अख्ख्या आळीनं ते वेदवाक्य मानलेलं.

दारात टेम्पो थांबला. गाड्यातला भागीदार लक्ष्मणराव उतरला.

"चला राव, आपल्या गाड्याचा पुकारा झालाय. घोडी चढवा."

"ताप हाय तिला," भिमाजी पुटपुटला.

"एकच बारी, एकदाच पळवायची! पोरं कंपनीत सुट्टीसाठी हातापाया पडून आलीत. त्यांना काय तोंड दाखवू?"

बायकोकडे न बघता भिमाजीनं खुंटीवरचा लगाम काढला.

शालनबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गोठ्यातून तिनं बैलांच्या औषधाची बाटली आणली, बादलीत कालवलं, हातांना पिशव्या बांधल्या आणि भिजलेलं फडकं हरणीच्या मानेवरून ओढलं. उग्र वास अंगणभर झाला.

लक्ष्मणराव नाकाला रुमाल लावून मागे सरकला. "अहो वहिनी, हे काय केलंत?"

"न्या की आता! येत्यात का बघा बैल मागं."

"सगळ्या गावात हसं करायचं ठरवलंय का तुम्ही?"

"हसू द्या! मुकं जनावर मरायला लागलंय, आन् तुमाला बारी सुचतीया? लाजा न्हाईत वाटत?" बोलता बोलता तिचा आवाज फाटला.

टेम्पो रिकामाच गेला. भिमाजीनं लगाम परत खुंटीला अडकवला.

"कानामागं नीट लाव," तो म्हणाला.

"तुमीच लावा!"

तिनं फेकलेलं फडकं त्याच्या यात्रेच्या कोऱ्या सदऱ्यावर बसलं. त्यानं ते उचललं आणि हरणीचा कान अलगद वर धरला.